स्ट्रीट ट्रिपल मोटोटू आवृत्तीचे पत्रक वाचताना

दिवाळीत माझा मावसभाऊ पुण्याहून मोटारसायकलने आला. आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे आणि समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. परंतु त्या महामार्गावर दुचाकींना परवानगी नसल्यामुळे तो जालना, मेहकर, कारंजा, धामणगाव असा जुन्या रस्त्यांनी, एक मुक्काम करून पोहोचला. गाडी होती ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची स्ट्रीट ट्रिपल ७६५ आरएस. अंगणात सोयाबीनची पोती रचलेली होती, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती आणि माझ्या शेडमध्ये एका ट्रॅक्टरचे हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवरचा वरचा भाग, उतरवून फळीवर ठेवलेले होते. मी आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली बारा वर्षे गावातच ट्रॅक्टर, पंप आणि दुचाकी दुरुस्त करतो. त्यामुळे पाहुण्याचे चहापाणी होण्याआधी मी त्याच्या गाडीजवळ जाऊन बसलो, यात घरात कोणालाच नवल वाटले नाही.

भावाच्या मनात मात्र दुसरीच गाडी होती. याच गाडीची मर्यादित संख्येत बनवलेली एक आवृत्ती आहे, स्ट्रीट ट्रिपल ७६५ मोटोटू एडिशन, आणि तिचे तांत्रिक पत्रक त्याने फोनवर जपून ठेवले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये २०२३ सालच्या मॉडेलांबरोबर ती जाहीर झाली. पिवळ्या रंगात ७६५ आणि पांढऱ्या रंगात ७६५, इतक्याच गाड्या बनवायच्या असे कंपनीने ठरवले आणि प्रत्येक गाडीचा क्रमांक हँडलजवळच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या योकवर, म्हणजे पुढच्या फोर्कचे दोन पाय धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कोरला. आपल्या आरएसमध्ये आणि त्या गाडीत खरा फरक किती, असे त्याने मला विचारले. हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. पत्रकातली एकेक ओळ समोरच्या लोखंडाशी ताडून पाहावी लागते. चार दिवस आम्ही तेच केले. मी मोटोटू आवृत्ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण तिची सख्खी बहीण माझ्या शेडमध्ये उभी होती.

या गाड्या नेकेड प्रकारच्या आहेत. आधी त्या शब्दाविषयी थोडे सांगतो, कारण गावातल्या मुलांनी तो पहिल्यांदाच ऐकला होता. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीला पुढून आणि बाजूंनी वारा कापणारे आवरण असते. ते काढून टाकले, इंजिन आणि फ्रेम उघडी ठेवली आणि हँडल थोडे उंच, रुंद केले की नेकेड स्पोर्ट गाडी होते. वेग फार वाढला की चालकाच्या छातीवर वारा आदळतो, हा तिचा तोटा. इंजिनाला हात सहज पोहोचतो आणि वळणदार रस्त्यावर गाडी चटकन कलते, हा तिचा फायदा. ट्रायम्फने ही मालिका २००७ मध्ये ६७५ सीसीच्या इंजिनाने सुरू केली आणि २०१७ मध्ये इंजिन ७६५ सीसीचे केले.

आता इंजिनाकडे येतो, कारण माझे खरे मन तिथेच रमले. तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट, पाण्याने थंड होणारे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७८ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ५३.४ मिमी. कमाल शक्ती १२,००० आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्यांना) १३० पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, आणि कमाल टॉर्क, म्हणजे पीळ, ९,५०० आरपीएमला ८० न्यूटन मीटर. ज्या ट्रॅक्टरचे हेड माझ्या फळीवर होते, त्यालाही तीनच सिलिंडर आहेत. तो सुमारे २,००० आरपीएमला ४० अश्वशक्ती देतो. भावाने दोन्ही आकडे ऐकले आणि मोटारसायकलची ताकद ट्रॅक्टरच्या तिप्पट आहे असे म्हटले. शक्तीच्या अर्थाने ते बरोबर आहे, पण ताकद म्हणजे पीळ असे मानले तर गणित उलटे होते. शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. त्या हिशेबाने ४० अश्वशक्ती २,००० आरपीएमला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, सुमारे १४० न्यूटन मीटर पीळ असतो, आणि मोटारसायकलचा सर्वाधिक पीळ ८० इतकाच आहे. काळ्या मातीत नांगर ओढण्याचे काम म्हणूनच ट्रॅक्टरचे आहे. मोटारसायकल उरलेली सगळी शक्ती केवळ फेऱ्यांतून मिळवते.

फेऱ्यांतून शक्ती मिळवणे बोलायला सोपे आहे, पण ती मिळवताना धातूवर काय गुजरते, हे मी वहीत मांडून पाहिले. १२,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला २०० फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटते, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला १०० आणि तिघांत मिळून ३०० स्फोट होतात. ट्रॅक्टरच्या तीन सिलिंडरांत २,००० आरपीएमला ते ५० होतात. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबतो आणि उलट फिरतो, म्हणजे सेकंदाला ४०० वेळा त्याचा वेग शून्यावर येतो. त्या टोकाला त्याच्यावर येणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींहून अधिक निघतो. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१ मीटरांच्या पुढे जातो. आमच्या भागात घरोघरी असलेल्या स्प्लेंडरचा हाच वेग तिच्या ८,००० आरपीएमला १३ मीटर येतो, आणि ११० मिमी स्ट्रोक धरला तर ट्रॅक्टरचा सात मीटरांच्या थोडा वर. या एका आकड्यात मला पूर्ण पत्रक दिसते. स्ट्रोक आखूड का, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके का, इंजिन ऑइल इतक्या काटेकोर दर्जाचे का, या सर्व प्रश्नांचे मूळ तिथे आहे.

स्ट्रोक आखूड आणि बोअर रुंद ठेवण्यात दुसरेही एक कारण आहे. बोअर रुंद असला की हेडमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात, आणि १२,००० आरपीएमला सिलिंडर भरायला मिळणारा वेळ सेकंदाचा अगदी लहानसा अंश असल्यामुळे हवेला आत येण्यासाठी दार मोठेच लागते. हवा किती चांगली भरते, हेही पत्रकातल्या दोन ओळींवरून काढता येते, आणि ही गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटली. १२,००० आरपीएमला १३० पीएस असेल तर त्या क्षणी टॉर्क किती, असा उलटा हिशेब केला की उत्तर सुमारे ७६ न्यूटन मीटर येते. म्हणजे कमाल टॉर्कच्या जागेपासून आणखी अडीच हजार आरपीएम वर गेल्यावरही इंजिनाने जेमतेम चार न्यूटन मीटर गमावले. बहुतेक इंजिने वरच्या टोकाला धापा टाकू लागतात. हे इंजिन तिथे श्वास घेत राहते. केवळ कमाल शक्तीचा आकडा पाहणाऱ्याला हे कळत नाही, म्हणून टॉर्क आणि आरपीएम यांची जोडी नेहमी एकत्र वाचावी असे माझे मत आहे.

२०२३ च्या मॉडेलांत हे कसे साधले, तेही सांगण्यासारखे आहे. आधीच्या आरएसचे इंजिन १२३ पीएस आणि ७९ न्यूटन मीटर देत होते. नव्यात पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट बदलले, व्हॉल्व्ह अधिक उघडू लागले आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला वायू किती पटीने दाबला जातो ते प्रमाण, १२.६५ वरून १३.२५ वर नेले. डिझेल ट्रॅक्टरमध्ये हे प्रमाण १६ ते १८ असते, असे सांगितल्यावर शेडमध्ये उभ्या असलेल्या एका मुलाने मग यात विशेष ते काय, असे विचारले. विशेष असे की डिझेल इंजिन केवळ हवा दाबते आणि इंधन शेवटी फवारते. पेट्रोल इंजिनात मात्र हवेबरोबर पेट्रोलही दाबले जाते, आणि दाब व उष्णता मर्यादेपलीकडे गेली की ठिणगी पडण्याआधीच किंवा ठिणगीनंतर भलत्या जागी ते मिश्रण पेटते. त्यालाच आम्ही इंजिन ठोकते म्हणतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा १० च्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या साध्या गाड्याही चढावर वरच्या गिअरमध्ये ओढल्या तर ठोकतात. १३.२५ चे प्रमाण रस्त्यावरच्या गाडीत टिकवण्यासाठी हेडमधून पाणी नेमके कुठून फिरते, ठिणगी केव्हा पडते आणि इंधन किती जाते, हे सर्व अचूक साधावे लागते.

तिन्ही सिलिंडरांतले स्फोट क्रँकच्या २४० अंशांच्या समान अंतराने होतात, म्हणून आवाजात एकसारखी गुणगुण असते. भावाने गाडी सुरू केली तेव्हा माझ्या वडिलांनी ओसरीवरूनच ती तीन सिलिंडरची असल्याचे ओळखले. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला आहे. ताल तोच होता, लय कितीतरी जलद होती.

मोटोटू हे नाव या गाडीला उगीच दिलेले नाही. जागतिक मोटारसायकल शर्यतींच्या मधल्या गटाला मोटोटू म्हणतात. त्या गटात सर्व स्पर्धकांना एकाच प्रकारचे इंजिन दिले जाते. फ्रेम निरनिराळ्या कारखान्यांच्या असतात. २०१० ते २०१८ पर्यंत ते इंजिन होंडाचे ६०० सीसीचे होते, आणि २०१९ पासून ट्रायम्फचे ७६५ सीसीचे तीन सिलिंडरी इंजिन आले. शर्यतीसाठी तयार केलेले हे इंजिन १४० पीएसच्या वर शक्ती देते. पहिल्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंड येथे मोटोटूच्या गाडीने ताशी ३०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर भारतात पहिल्यांदा ही स्पर्धा झाली, तेव्हा मोटोटूची शर्यत पेद्रो अकोस्टाने जिंकली. उष्णतेमुळे त्या दिवशी फेऱ्यांची संख्या कमी करावी लागली होती. मी ती शर्यत शेडमध्ये काम थांबवून फोनवर पाहिली होती, आणि आपल्या देशाच्या उन्हात ती इंजिने शेवटपर्यंत टिकताना पाहून मला मनापासून आनंद झाला होता.

तर आता भावाच्या प्रश्नाचे उत्तर. इंजिनाच्या सर्व ओळी आम्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्ही गाड्यांत त्या एकसारख्याच निघाल्या: शक्ती, टॉर्क, कॉम्प्रेशन, सहा गिअर, क्लच न दाबता वरखाली गिअर टाकण्याची सोय. वजनाची ओळही तीच, इंधनासह १८८ किलो. पुढच्या ब्रेकला ३१० मिमीच्या दोन डिस्क आणि ब्रेम्बोचे स्टायलेमा कॅलिपर, मागे २२० मिमीची एक डिस्क, पिरेली डायब्लो सुपरकोर्सा टायर, कलत्या गाडीतही काम करणारे एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी सोय) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक जागीच घसरून फिरू न देणारी सोय), पंधरा लिटरची टाकी, हे सर्व दोघींत समान. वजनाच्या आकड्यावर आम्ही थोडे थांबलो. १८८ किलोला १३० पीएस म्हणजे किलोमागे ०.६९, स्प्लेंडरच्या ११२ किलोला सुमारे ८ पीएस म्हणजे ०.०७. दसपटीचा हा फरक हातात आला की काय होते, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरपर्यंत अनुभवले आणि गाडी शांतपणे परत आणली.

फरक सुरू होतो तो पुढच्या फोर्कपासून. आरएसला शोवाचा ४१ मिमीचा फोर्क आहे. मोटोटू आवृत्तीला स्वीडनच्या ओहलिन्सचा ४३ मिमीचा एनआयएक्स ३० फोर्क दिला आहे. मागचा शॉकअप दोघींना ओहलिन्सचाच, एसटीएक्स ४०. फोर्कची ही ओळ मला या आवृत्तीतली सर्वांत वजनदार ओळ वाटते. एनआयएक्स ३० मध्ये डँपिंगचे, म्हणजे तेलाने स्प्रिंगची हालचाल आवरण्याचे, काम दोन पायांत वाटून दिलेले असते: एका पायात दाबाचे, दुसऱ्यात परतीचे. त्यामुळे एकाचा स्क्रू फिरवला तर दुसऱ्याच्या तेलाच्या वाटेत ढवळाढवळ होत नाही. ज्याने कधी फोर्कचे तेल बदलले आहे आणि सील दाबून बसवले आहे, त्याला अशा मांडणीची किंमत कळते. जोरात ब्रेक लावून वळणात शिरताना पुढचा टायर रस्त्याला किती एकसमान दाबाने धरून राहतो, हे फोर्क ठरवतो. इंजिनात आणखी पाच पीएस घालण्यापेक्षा चांगला फोर्क घालणे शर्यतीच्या रस्त्यावर अधिक वेळ वाचवते, असे मला ठामपणे वाटते.

दुसरा फरक हँडलचा आहे. आरएसला एकसंध, रुंद हँडल आहे. मोटोटू आवृत्तीला फोर्कच्या नळ्यांना दोन बाजूंनी आवळलेली क्लिप-ऑन हँडले आहेत, आणि ती आरएसच्या मानाने ८० मिमी खाली व ५० मिमी पुढे येतात. शेडमध्ये आम्ही टेप लावून ही जागा आरएसवर दाखवली आणि भावाला तिथे हात धरून बसायला सांगितले. त्याच्या मनगटांवर भार आला, पाठ वाकली, हनुवटी टाकीकडे झुकली. सीट ८३६ ऐवजी ८३९ मिमी उंच, आणि फोर्कचा कल २३.२ ऐवजी २३ अंश. अंशाच्या पाचव्या भागाचा बदल क्षुल्लक वाटेल, पण पुढे सरकलेला चालक, उचललेली मागची बाजू आणि थोडा उभा झालेला फोर्क हे तिन्ही मिळून वजन पुढच्या चाकावर नेतात आणि गाडी वळणात जलद शिरते. नेकेड गाडीची सरळ बैठक सोडून ही आवृत्ती शर्यतीच्या गाडीकडे झुकते, हे तिच्या नावाशी प्रामाणिक आहे.

उरले कार्बन फायबरचे भाग. पुढचा मडगार्ड, बाजूचे पॅनेल, हेडलाइटभोवतीची चौकट आणि इंजिनाखालचे आवरण कार्बन फायबरचे आहे. कार्बन फायबर हलके असते हे खरे, पण दोन्ही गाड्यांचे वजन पत्रकात १८८ किलोच आहे, तेव्हा या भागांकडे मी देखणेपणा म्हणूनच पाहतो. खडीच्या रस्त्यावर पुढच्या चाकाने उडवलेला दगड इंजिनाखालच्या त्या आवरणावर आदळताना पाहणे मला सहन झाले नसते. योकवरच्या क्रमांकाबद्दल भावाला फार ओढ होती. मी त्याला म्हटले, "भाऊ, नंबरने गाडी वळत नाही." तो नाराज झाला नाही, पण त्याने उत्तर दिले की पंधराशे तीस गाड्यांतली एक आपल्याकडे आहे, एवढे जाणून घेण्यासाठीही माणूस पैसे मोजतो. हे मला पटते. मी फक्त एवढे सांगितले की तांत्रिक पत्रकात त्या क्रमांकाची जागा नाही.

गावातला नेहमीचा प्रश्न अर्थात ॲव्हरेजचा होता. शेजारचे काका दोनदा येऊन विचारून गेले, "काहो, किती देते हे?" कंपनीच्या आकड्याप्रमाणे १०० किलोमीटरला ५.४ लिटर, म्हणजे लिटरला सुमारे १८ किलोमीटर. काकांनी मान हलवली आणि एवढ्या पेट्रोलमध्ये फवारणीचा पंप किती एकर चालेल याचा हिशेब मनात केला असावा. त्यांचा प्रश्न योग्य आहे. ज्या भागात कापसाच्या भावावर वर्षाचा संसार ठरतो, तिथे यंत्राची पहिली परीक्षा खर्चानेच होते, आणि मीही ट्रॅक्टरच्या ग्राहकाला आधी डिझेलचाच हिशेब सांगतो.

माझे मत मी भावाला स्पष्ट सांगितले. पुण्याहून आर्वीपर्यंत येणाऱ्या, रोज कामावर जाणाऱ्या आणि वर्षातून एखाद्या वेळी शर्यतीच्या सर्किटवर जाणाऱ्या माणसासाठी आरएसच बरी. इंजिन तेच आहे आणि मनगटे शाबूत राहतात. ज्याची गाडी प्रामुख्याने सर्किटवर फिरणार आहे, त्याच्यासाठी मोटोटू आवृत्तीचा फोर्क आणि हँडल यांना खरा अर्थ आहे. त्याने ते मान्य केले, आणि मग आम्ही त्याच्या गाडीची जी गोष्ट खरोखर बिघडलेली होती, तिच्याकडे वळलो.

मागचा शॉकअप त्याने कधी जुळवलाच नव्हता. मागच्या चाकाची एकूण हालचाल १३१ मिमी आहे. चालक बसल्यावर त्यातली तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ३५ मिमीच्या आसपास, दबलेली असावी असा माझा अंदाज. मी मागचे चाक उचलून ॲक्सलपासून शेपटीपर्यंतचे अंतर टेपने मोजले, मग त्याला हेल्मेट, जॅकेट आणि पाठीवरच्या पिशवीसह बसवून पुन्हा मोजले. फरक ५१ मिमी निघाला. म्हणजे गाडी मागून बसलेली होती, फोर्कचा कल वाढलेला होता, आणि वळणात गाडी बाहेर पळते ही त्याची तक्रार टायरमुळे नव्हतीच. स्प्रिंगची नट दोन वेळा आवळून मोजमाप ३६ वर आणले. परतीच्या डँपिंगचा स्क्रू पूर्ण बंद करून किती क्लिक उघडा होता ते आधी वहीत लिहिले, मग आमच्या रस्त्यावरच्या लागोपाठ खड्ड्यांत मागचे चाक वेळेवर खाली यावे म्हणून दोन क्लिक आणखी उघडले. चेनचा ताण पाहिला, आणि एअर फिल्टरमध्ये तुरीच्या शेतांतून उडालेली एवढी धूळ निघाली की तो पुण्याला पोहोचताच बदलायला सांगितले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला. दुपारी त्याने मेहकरहून फोन केला आणि गाडी आता वळणात सांगितलेल्या रेषेवर राहते असे सांगितले. मी त्याला क्लिकचे दोन्ही आकडे पुन्हा वाचून दाखवले आणि फळीवरच्या ट्रॅक्टरच्या हेडला नवीन गॅस्केट बसवायला घेतले.